वार्निश

मिरजकर तिकटीला त्रिशलाची चप्पल पायातून गेली
आणि ती तशीच चालत राहिली बिंदू चौकापर्यंत,
एक पाय चामड्यात, एक पाय डांबरावर,
मे महिन्यातल्या दुपारी.
फुलवाल्यानं हाक मारली, "ओ ताई, चप्पल!"
तेव्हा तिनं खाली बघितलं,
दुसऱ्या कुणाच्या पायाकडं बघावं तसं.

आम्ही हसलो. तीही हसली.
"मी काय म्हातारी झालो काय रे," म्हणाली.
श्रावणात तिखटाचा डबा उघडून विचारलं,
"ह्यात माती कुणी मिसळली?"
तिखट लालभडक होतं.

मी उद्यमनगरात मोटारी भरतो.
जळकं वाइंडिंग मला वासावरनं कळतं.
तांबं सहसा मरत नाही.
मरतो त्याच्यावरचा लेप,
नखाच्या पापुद्र्याहून पातळ;
तेवढा गेला की तार शेजारच्या तारेला चिकटते
आणि पाच हॉर्सपॉवरचा होतो धूर.

म्हणून डॉक्टर मुजावर बाईंनी फिल्म उजेडाला धरली,
मेंदूतले पांढरे ठिपके पेनानं दाखवले,
मज्जातंतूंवरचं आवरण, म्हणाल्या,
तर माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे वार्निश."
बाई थांबल्या.
"तसंच समजा. पण हे उंदरानं कुरतडलं नाही,
ओलीनं सुटलं नाही.
राखणदारानं खाल्लंय."

रक्तातल्याच पेशी.
पोरवयात कधी एका विषाणूला चीत केलेलं,
आता आवरणातच त्याचा चेहरा दिसतो त्यांना
आणि डाव टाकतात.
जुनी औषधं अख्ख्या तालमीला कुलूप घालतात,
मग साधी सर्दीसुद्धा घरात पथारी पसरते.
नवं औषध म्हणे एकाच पैलवानाला
खांद्याला धरून बाजूला घेणार,
सांगणार, अरे, हा आपला.
"सांगणार?" मी विचारलं.
"उंदरांत सांगितलंय," बाई म्हणाल्या,
"माणसांत बघायचंय."

संमतीपत्र बावीस पानांचं.
'दुष्परिणाम' हा शब्द मी मोजला, एकेचाळीस वेळा.
त्रिशलानं मोजलं नाही.
सही दोनदा करावी लागली,
पहिली तिच्याच सहीशी जुळली नाही.

सलाइनच्या स्टँडला पिशवी, पाण्यासारखी.
आत जुनं की नवं, तिला माहीत नाही,
टोचणाऱ्या सिस्टरला माहीत नाही,
बाईंनाही नाही.
चार तास.
मला वाटलं, मेगर आणून नळीला लावावा
आणि काटा बघावा.

एकदा बाई दुकानात आल्या, घरची पाण्याची मोटार घेऊन.
मी जळकं वाइंडिंग छिन्नीनं तोडून काढलं,
नवी कॉइल घातली, वार्निशात बुडवली,
भट्टीत ठेवली रात्रभर.
बाई स्टूलावर बसून बघत होत्या.
म्हणाल्या, "तुमचं बरंय. मोटार आधी बंद करता."
मी म्हणालो, "चालू मोटार भरता येत नाही, बाई."
"आम्हाला तशीच भरायचीय," म्हणाल्या.
"आणि आत्ता तर भरतही नाही.
खाणाऱ्याचा हात धरतोय फक्त.
लेप द्यायचं अजून कुणालाच जमलेलं नाही."
पैसे द्यायला लागल्या. मी घेतले.
फुकट केलं असतं तर
काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं.

अकरावा महिना.
काल संध्याकाळी रंकाळ्यावर फिरत होतो,
ती काठीवर, मी अर्धं पाऊल मागं.
चप्पल पुन्हा निसटली.
माझं पाऊल अडखळलं,
आणि त्याच वेळी तीही थांबली,
काठी टेकून मागं वळली,
अंगठा चाचपत चपलेत सारला.
"काय बघतोस?" म्हणाली, "चल की."

तिला पायाला कळलं,
की माझ्या थांबण्यावरनं, ते मी विचारलं नाही.
पिशवीत काय आहे ते विचारत नाहीत, तसं.
पुढं भेळेच्या गाडीपाशी
तिनं जास्त तिखट घालायला सांगितलं
आणि खाण्याआधी
कागद उजेडात धरून
बराच वेळ रंग बघितला.